श्रद्धेने आजार बरा होतो का? लूर्दच्या झऱ्याचा इतिहास

"डॉक्टर, आम्ही एवढी प्रार्थना केली, तरी गुण आला नाही. आमची श्रद्धा कमी पडली का?" हा प्रश्न सगळ्याच धर्मांचे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर शोधायला आज आपण फ्रान्समधल्या लूर्द गावी जाऊ. तिथे चमत्कार आणि डॉक्टर दीर्घकाळ समोरासमोर उभे आहेत.

बायबलमधील दोन गोष्टी

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली एक स्त्री आहे. वैद्यांवर सगळा पैसा खर्च करून ती आणखीच खंगली होती. गर्दीतून ती येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. तुझ्या विश्वासानेच तू बरी झालीस, असे येशू तिला सांगतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशू कोण हेही ठाऊक नसते, तरी तो उठून चालू लागतो. म्हणजे 'जितकी श्रद्धा तितका गुण' असा हिशेब मूळ ग्रंथातही नाही.

लूर्दला काय घडले?

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी हे छोटे गाव आहे. तिथल्या एका गरीब गिरणीवाल्याची 14 वर्षांची मुलगी बर्नाडेट सुबिरू दम्याने आजारी असे. 11 फेब्रुवारी 1858 रोजी तिला एका गुहेत मरियामातेचे पहिले दर्शन झाले, असे तिने सांगितले. जुलैपर्यंत अशी 18 दर्शने झाली. त्याच काळात गुहेतला झरा उघडा झाला आणि त्या पाण्याने रोगी बरे होतात, ही बातमी पसरली. त्याच वर्षी पाण्याचे रासायनिक पृथक्करण झाले. ते साधे पिण्याचे पाणी निघाले, त्यात औषधी द्रव्य काहीच नव्हते.

डॉक्टरांची चाळणी

रोगमुक्तीचे दावे वाढले तशी 1883 साली तिथे वैद्यकीय कार्यालय सुरू झाले. कोणत्याही धर्माचा किंवा नास्तिक डॉक्टरही तिथे कागदपत्रे तपासू शकतो. निकष मात्र त्याहून जुने, अठराव्या शतकात लाम्बेर्तिनी या धर्माधिकाऱ्याने घालून दिलेले आहेत. हेच लाम्बेर्तिनी पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. थोडक्यात निकष असे:

- आजार गंभीर असावा आणि त्याचे निदान पक्के असावे.
- तो आपोआप बरा होण्याच्या टप्प्यावर नसावा.
- औषधाने गुण आलेला नसावा.
- सुधारणा अचानक, पूर्ण आणि कायमची असावी.

डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द वापरत नाहीत. आजच्या ज्ञानाने याचा खुलासा होत नाही, एवढेच ते सांगतात. चमत्कार जाहीर करायचा की नाही, हे बिशप ठरवतात. आजवर आलेल्या सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी जेमतेम सत्तरच्या आसपास मान्य झाले. कोट्यवधी यात्रेकरूंच्या तुलनेत हा आकडा किती लहान आहे ते पाहा. व्हित्तोरिओ मिकेली या इटालियन सैनिकाचा कमरेच्या हाडाचा कर्करोग 1963 च्या यात्रेनंतर नाहीसा झाला. त्याला मान्यता मिळाली ती 1976 मध्ये.

शार्को काय म्हणाले?

पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी 1892 मध्ये श्रद्धेने होणाऱ्या उपचारांवर निबंध लिहिला. श्रद्धेचा परिणाम त्यांनी नाकारला नाही, त्याची मर्यादा सांगितली. मनाच्या प्रभावाने आलेला लकवा किंवा आखडलेला हात श्रद्धेने सुटू शकतो. तुटलेला पाय मात्र पुन्हा उगवत नाही.

आजचे संशोधनही याच वाटेने जाते. विश्वास, आशा आणि आपुलकीने वेदना, मळमळ, भीती कमी होऊ शकते. पण त्यामुळे जंतू मरत नाहीत की गाठ विरघळत नाही. क्वचित एखादी गाठ उपचारांशिवायही आपोआप आक्रसते. तसे का होते, हे वैद्यकशास्त्राला पूर्णपणे उलगडलेले नाही.

आणि बर्नाडेट?

जिच्यामुळे हा झरा जगाला कळला, ती स्वतः बरी झाली नाही. दमा सुटला नाही, पुढे हाडाचा क्षय झाला आणि 1879 मध्ये नेव्हेरच्या मठात, वयाच्या 35 व्या वर्षी तिचे निधन झाले. 1933 मध्ये चर्चने तिला संत घोषित केले. तिची श्रद्धा कमी पडली, असे चर्चनेही कधी म्हटले नाही. मग तुमच्या आईची किंवा मुलाची श्रद्धा कमी पडली, असे आपण कशाला म्हणायचे?

लक्षात ठेवा

वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा हात-पाय वाहा, नवस करा, प्रार्थना करा. त्याने मनाला बळ मिळत असेल तर तुमचा डॉक्टर आडवा येणार नाही. फक्त इन्सुलिन, फिटची गोळी, क्षयाचा कोर्स किंवा केमोथेरपी त्यासाठी बंद करू नका. 'औषध सोड, तरच तुझी श्रद्धा खरी' असे कोणी सांगितले, तर तिथून उठून या. आणि गुण आला नाही, तर रुग्णाला दोष देऊ नका. आजाराचे ओझे त्याला पुरेसे आहे.