रस्त्यावरचा उजवा हात

मागच्या जुलैमध्ये ताम्हिणी घाटात एका माणसाने मला हात केला. मीही त्याला हात केला आणि पुढे निघून गेले.

संध्याकाळ होत आली होती. पाऊस भुरभुरत होता. माणगावहून पुण्याकडे येताना एका वळणाच्या आधी डाव्या बाजूला एक स्कूटर उभी होती. शेजारी रेनकोट घातलेला माणूस, मागे झाडाखाली एक बाई. साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते आणि त्या दिवशी समोरून आलेल्या तीन-चार रायडर्सनी मला हात केला होता. आपण ‘त्यांच्यातल्या’ झालो, या आनंदात मी होते. त्याच आनंदात याही माणसाला डाव्या हाताची दोन बोटं दाखवली आणि वळण घेतलं.

थोडं पुढे गेल्यावर काहीतरी खटकलं. काय खटकलं ते कळेपर्यंत मी चहाच्या टपरीवर पोचले होते. पण ते समजायचं तर आधी हा हात करण्याचा प्रकार आला कुठून, ते पाहावं लागेल.

बायकर्समध्ये एक गोष्ट फार प्रेमाने सांगितली जाते. 1904 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन आपापल्या मोटरसायकलवरून समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांना हात केला. कुणीतरी ते पाहिलं आणि तेव्हापासून प्रथा पडली. गोष्ट छान आहे, पण दंतकथेइतकीच छान. तेव्हा त्यांच्या गाड्या हातावर मोजण्याइतक्या होत्या आणि ते दोघं लहानपणापासूनचे मित्र. मित्राने मित्राला हात केला तर त्यात नवल काय? नवल आहे ते अनोळखी माणसाला हात करण्याचं.

ते नवल समजायला त्या काळच्या गाड्या आठवाव्या लागतात. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायला चामड्याचा पट्टा असायचा. तो पावसात निसटायचा, ताणून लांबायचा. प्लग काजळायचे. रस्ते घोडागाडीचे, त्यामुळे नालांचे खिळे टायरमध्ये घुसायचे. गॅरेज नावाची गोष्ट जवळपास नव्हतीच. अशा वेळी समोरून दुसरा मोटरसायकलवाला येणं म्हणजे तुमच्या दुखण्याची माहिती असलेला एकुलता एक माणूस येणं. त्याला केलेला हात नुसता नमस्कार नव्हता. ‘माझं ठीक चाललंय, तुझं? नसेल तर थांबतो,’ एवढं सगळं त्यात होतं.

इंग्लंडमध्ये तर अशा एका सलामाचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. 1903 च्या कायद्याने तिथे वेगमर्यादा ताशी 20 मैल ठरली आणि पोलीस झुडपांमागे लपून गाड्यांचा वेग मोजू लागले. 1905 मध्ये वाहनधारकांनी ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ काढली. तिचे गस्तवाले, सुरुवातीला सायकलवर, पुढे पोलीस कुठे दडलेत ते सांगत. 1910 मध्ये न्यायालयाने ठरवलं की वेगात चाललेल्या चालकाला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. मग संस्थेने युक्ती काढली. सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला दिसला की गस्तवाला सलाम करणार. ज्या दिवशी करणार नाही, त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारायचं. पुढे सापळा आहे असं तो बोलला तर गुन्हा. पण सलाम केला नाही म्हणून कुणाला शिक्षा करणार? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही सलामाची पद्धत टिकली. तोवर सायकलची जागा मोटरसायकलने घेतली होती आणि मोटरसायकल चालवता चालवता सलाम करणं धोक्याचं, म्हणून गस्तवाल्यांना त्यातून सूटही मिळाली होती.

आपल्याकडे समोरून येणारा दोनदा डिपर मारतो आणि आपण निमूटपणे हेल्मेटचा पट्टा लावतो. तो याच सलामाचा चुलतभाऊ.

आता हाताकडे येऊ. मोटरसायकलवर बसल्याची कल्पना करा. उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर, उजव्याच बोटांशी पुढचा ब्रेक. डाव्या हाताला क्लच, तोही गिअर बदलतानाच लागतो. म्हणजे चालत्या गाडीवर मोकळा होऊ शकतो तो फक्त डावा हात. अमेरिकेत, युरोपातल्या बहुतेक देशांत वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे समोरचा तुमच्या डाव्या अंगाने जातो. मोकळा हात आणि समोरचा माणूस एकाच बाजूला. म्हणून तिथे डावा हात सहज खाली सोडून दोन बोटं दाखवतात.

आपण चालतो डावीकडून. समोरचा जातो उजव्या अंगाने, आणि तो हात तर अडकलेला. डावा हात उचलावा तर तो आपल्याच डोक्याआड. ब्रिटनमध्येही हीच अडचण, म्हणून तिथले बायकर्स बहुधा मान हलवतात. फ्रान्समध्ये आणखी गंमत. ओव्हरटेक करताना कुणी बाजू दिली तर तो माणूस उजवीकडे राहतो, म्हणून तिथले मोटरसायकलवाले आभार मानायला उजवा पाय बाहेर काढतात! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, लाथ दाखवली.

थोडक्यात, रस्त्यावरचे शिष्टाचार संस्कृतीने जेवढे घडवले तेवढेच मुठीतल्या अ‍ॅक्सिलरेटरने घडवले. आपल्याकडे 2017 पर्यंत लागू असलेल्या 1989 च्या रस्ता-नियमांमध्ये हाताच्या खुणा दिल्या होत्या: थांबताना, वळताना, मागच्याला पुढे जाऊ देताना. सगळ्या उजव्या हाताच्या. कारच्या उजव्या खिडकीतून हात काढणाऱ्यासाठी ते सोयीचं. स्कूटरवाल्याने त्या पाळायच्या तर आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा.

मग आपल्याकडे दुचाकीवाले एकमेकांना भेटत कसे? माझ्या बाबांकडे चेतक होती. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 1972 पासून चेतक बाहेर पडू लागली. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, त्यामुळे रस्त्यावरचे निम्मे लोक एकाच गाडीवर आणि एकाच दुखण्याचे. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लगवर काजळी धरायची. कुणी रस्त्याकडेला स्कूटर तिरकी करताना दिसला की बाबा थांबायचेच. “काय झालं हो?” मग डिकीतून पाना निघायचा, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला जायचा, किक बसली की दोघं आपापल्या वाटेला. मी मागच्या सीटवर कंटाळून बसलेली. नाव विचारल्याचं मला आठवत नाही.

चेतकला जादा चाक असायचं, स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाकं बनवणारी कंपनी निघाली. आपल्या रस्त्यांवर तो शब्द असा रुळला की परका वाटतच नाही. बाबांनी एकदा अनोळखी माणसाला आख्खी स्टेपनी देऊन टाकली होती. आठ दिवसांनी तो पंक्चर काढून ती परत द्यायला घरी आला, वर पाव किलो पेढे.

त्या पिढीने हात केला नाही, पण त्यांच्याकडे खुणा होत्या. “साइड स्टँड!” असं ओरडत जाणारा माणूस. “ताई, ओढणी!” म्हणत गाडी जवळ आणणारी बाई. आणि सगळ्यांत देखणी खूण म्हणजे हवेत पंजा मिटणं-उघडणं: दिवसा दिवा चालू राहिलाय, बंद करा, बॅटरी उतरेल. समोरच्याची बॅटरी उतरून आपलं काय जाणार होतं? पण अख्खा देश ही खूण करायचा.

ती खूण आमच्या डोळ्यांदेखत मेली. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना कायम पेटता दिवा सक्तीचा झाला, बंद करायचं बटणच गेलं. मी गाडी शिकले तेव्हा आजोबांच्या वयाचे लोक सिग्नलला पंजा मिटून-उघडून दाखवायचे आणि मी हसून मान डोलवायचे. आता तेही कमी झाले. साइड स्टँड खाली असेल तर अनेक गाड्या सुरूच होत नाहीत. पोलीस कुठे आहेत ते मॅप सांगतो. यंत्राने एकेक काम उचललं आणि त्या कामापुरता अनोळखी माणूस आपल्याला लागेनासा झाला.

नेमक्या त्याच काळात आपल्याकडे तो दोन बोटांचा अमेरिकी नमस्कार आला. व्हिडिओंमधून आला, लडाखच्या रस्त्यावरून आला, रविवारच्या ग्रुप राइडमधून आला. तो वाईट नाही. मलाही आवडतो. बाई म्हणून तर जास्तच, कारण अनोळखी पुरुषाने केलेला आणि मी निःशंकपणे उत्तर देऊ शकेन असा इशारा रस्त्यावर फार दुर्मीळ. पण त्याचं एक बघा. बहुतेक जण तो मोठ्या गाडीवरून मोठ्या गाडीलाच करतात. दुधाचे कॅन लावून निघालेल्या स्प्लेंडरवाल्याला कुणी करत नाही. ज्या खुणेचा जन्म ‘गरज पडली तर थांबतो’ यातून झाला, ती आता गाडीचा मॉडेल पाहून होते.

आणि आपण विसरलो की मराठी रस्त्यावर हाताला आधीच एक अर्थ होता. एसटीची योजनाच होती: हात दाखवा, गाडी थांबवा. आपल्याकडे रस्त्यात वर गेलेला हात म्हणजे नमस्कार नव्हे. थांबा.

टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला आणि मला दिसलं, त्या माणसाने वर केलेला हात उजवा होता. चालत्या गाडीवरचा माणूस उजवा हात असा वर करूच शकत नाही. उजवा हात मोकळा आहे याचा अर्थच गाडी बंद आहे. हे सगळं गणित मला माहीत होतं, मी ते मित्रांना रंगवून सांगितलंही होतं. आणि हात दिसला तेव्हा मला फक्त माझं कौतुक दिसलं.

थांबायला लोक कचरतात त्याला कारणं आहेत. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस चौकीच्या फेऱ्या, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या होती. 2016 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम 134 अ आलं. स्वतःहून मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. बाबा आणि ते प्लगवाले लोक नाव न विचारता जे करायचे, ते आता कायद्यात लिहिलेलं आहे.

माझ्यासाठी आणखी एक भीती आहे, एकटीने अंधारात थांबण्याची. ती खोटी नाही आणि तिची लाज वाटावी असंही नाही. पण थांबणं आणि न थांबणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. वेग कमी करता येतो. दहा पावलं लांब, इंजिन चालू ठेवून, काच वर करून “काय झालं?” एवढं विचारता येतं. पुढच्या टपरीवर सांगता येतं. 112 लावता येतो. मी यातलं काहीही केलं नव्हतं. मी दोन बोटं दाखवली होती.

चहा तसाच ठेवून मी मागे वळले. सहा-सात किलोमीटर. अंधार पडायला लागला होता आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, हेच ते.

तिथे कुणी नव्हतं. स्कूटर नाही, माणूस नाही, बाई नाही. कुणा टेम्पोवाल्याने चढवून नेलं असेल किंवा गाडी सुरू झाली असेल. रस्त्यावर फक्त चार दगड आणि एक मोडलेली फांदी होती. बंद गाडीवर मागून कुणी येऊन आदळू नये म्हणून ठेवलेली. निघण्याच्या घाईत ते उचलायचे राहून गेले होते. पावसात, ऐन वळणाच्या तोंडावर.

मी गाडी कडेला लावली, इंडिकेटर चालू ठेवला आणि फांदी ओढून गटाराच्या पलीकडे टाकली. मग तीन दगड उचलले. चौथा जड होता, तो पायाने ढकलत नेला. एवढ्यात वरून एक बाइक उतरत आली. हेडलाइटमध्ये मी दिसले तसा त्याने वेग कमी केला, जरा लांबच थांबला आणि काच वर करून विचारलं, “ताई, काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं, “दगड होते.”

त्याने मान हलवली आणि गेला. त्या दोघांचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.