व्यक्ती

संस्कृतात ‘व्यक्ति’ म्हणजे मुळात माणूस नव्हे, प्रकट होणं. ‘वि’ अधिक ‘अञ्ज्’, म्हणजे माखणे, उजळून दाखवणे. डोळ्यांतलं अंजन याच धातूचं. मराठीत तो शब्द माणसाला चिकटला, तरी लिंग मूळचंच राहिलं: पुरुषालाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो.

मूळ अर्थ प्रकट होणं, म्हणून मला ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द फार नेमका वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला (१९४९) धर्मा रामोशी पाहा. त्याला धोतर दिलं जातं, पण त्याच्या अंगावर चिंध्याच राहतात. ते धोतर त्याची तरुण मुलगी लुगड्यासारखं नेसलेली असते. त्या एका वस्त्रात बापाची माया दिसते, आणि माणदेशाचं दारिद्र्यही. माडगूळकर त्यावर भाष्य करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.