माहुताचा मुलगा

साबू म्हटले की आमच्या पिढीला प्राण यांच्या चित्रकथांतला, गुरू ग्रहावरून आलेला आणि चाचा चौधरींच्या पाठीशी उभा राहणारा धिप्पाड गडी आठवतो. त्याच्या कितीतरी आधी याच नावाचा एक सडपातळ पोरगा जगभरच्या पडद्यांवर गाजून गेला होता, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. कळले तेव्हा प्रश्न पडला तो असा, की आपल्या चित्रपटाच्या इतिहासात हा मुलगा जवळजवळ भेटतच कसा नाही?

साबूचा जन्म १९२४ सालचा, म्हैसूर संस्थानातल्या कारापूरचा. वडील महाराजांच्या पदरी माहूत. आईवडील लवकर गेले आणि पोर हत्तींच्या सान्निध्यातच वाढले. 'नानूक ऑफ द नॉर्थ'चा दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी किपलिंगच्या तूमाईच्या गोष्टीवर चित्रपट करण्यासाठी म्हैसूरला आला, तेव्हा त्याच्या चमूच्या नजरेस हा मुलगा पडला. फ्लाहर्टीने आपल्या रीतीप्रमाणे महिनोन्महिने निवांत चित्रण केले. लंडनचा निर्माता अलेक्झांडर कोर्डा याचा धीर सुटला. त्याने आपला भाऊ झोल्टन याला कामाला लावले आणि उरलेले प्रसंग लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओत, रंग फासलेल्या इंग्रज नटांना घेऊन उरकले. १९३७ च्या 'एलिफंट बॉय'मध्ये ही दोन चित्रपटांची शिवण आजही उघडी दिसते. ती बुजवतो तो एकटा साबू. हत्तीच्या मानेवर तो घरच्या ओसरीवर बसावे तसा बसतो. तिथे अभिनय असा नाहीच. व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक फ्लाहर्टी आणि झोल्टन कोर्डा या दोघांना मिळाले. मुलगा थोरल्या भावासोबत इंग्लंडला गेला. (त्याच्या नावापुढे लागणारे 'दस्तगीर' हे मुळात या भावाचे नाव.)

पुढचा चित्रपट 'द ड्रम', १९३८ चा, आणि इथेच आपला त्याच्याशी असलेला संबंध बिनसला. वायव्य सरहद्दीवरचा राजपुत्र अझीम आपल्या क्रूर काकाचा डाव इंग्रज पलटणीला कळवतो आणि तिचा जीव वाचवतो, अशी ही कथा. साम्राज्याला हवा असलेला भारतीय त्यात दोन रूपांत दिसतो: दगलबाज प्रौढ आणि इमानी बालक. मुंबईत हा चित्रपट लागताच लोक रस्त्यावर उतरले, दंगे झाले, मद्रासलाही तीच गत झाली आणि तो मागे घ्यावा लागला. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'ने अशा चित्रपटांविरुद्ध मोहीमच उघडली होती. ख्वाजा अहमद अब्बासही त्या बाजूने लिहीत होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु त्या पडद्यावर जो चेहरा होता तो चौदा वर्षांच्या पोराचा होता, आणि त्या चौकटीत आपल्याला का उभे केले आहे हे समजण्याचे त्याचे वय नव्हते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

१९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद' हा मात्र त्याचा निखळ आनंदाचा चित्रपट. युद्ध भडकल्यामुळे चित्रीकरण अर्ध्यावर कॅलिफोर्नियाला हलवावे लागले आणि साबूही तिकडचाच झाला. यातला अबू चोर आहे, कुणाचा इमानी चाकर नाही. राज्याची, वजिरीची सारी बूज धुडकावून तो उडत्या सतरंजीवरून निघून जातो. आमच्या मते साबूला मिळालेली ही सर्वांत मोकळी भूमिका. १९४२ मध्ये तो मोगली झाला, आणि मग युनिव्हर्सलच्या रंगीबेरंगी अरबी-दर्यावर्दी पटांत मारिया माँटेझ आणि जॉन हॉल यांच्या मागचा दोस्त. त्यांविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

१९४४ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. प्रशांत महासागरावरच्या युद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटाकडील तोफ त्याने सांभाळली आणि 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळवला. युद्धावरून परतला तो तेवीस वर्षांच्या आतला पुरुष. चित्रपटसृष्टीला मात्र पुरुष नको होता. १९४७ च्या 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये पॉवेल-प्रेसबर्गर यांनी त्याला अत्तर लावून मिरवणारा तरुण सरदार केले. भूमिका लहान, पण तिच्यात खट्याळ देखणेपणा आहे. यातला हिमालय इंग्लंडमध्ये काचेवर रंगवलेला, आणि त्याची पहाडी प्रेयसी म्हणजे तपकिरी रंग लावलेली जीन सिमन्स! त्यानंतर 'मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ'सारखे जंगलपट उरले. मधल्या काळात लंडनच्या हॅरिंगे इथे त्याने सर्कशीत हत्तींबरोबर खेळही केले. ज्या कौशल्यावर तो उचलला गेला, तिथेच त्याला परत यावे लागले.

याच दशकात एक दार किलकिले झाले होते. मेहबूब खान 'मदर इंडिया'ची जुळवाजुळव करीत होते आणि बिरजूसाठी त्यांच्या मनात साबू होता. तो मुंबईला आलाही. पण काम लांबत गेले आणि अखेर कामाचा परवानाच त्याला मिळाला नाही. कारण आपल्याच जन्मभूमीत तो आता परदेशी नागरिक होता. १९५७ मध्ये पडद्यावर आलेला बिरजू सुनील दत्तचा आहे, आणि तो आपल्या मनात इतका ठसला आहे की दुसरा चेहरा तिथे बसवणे जड जाते. तरी एकदा बसवून पाहावा. सावकारावर बंदूक रोखणारा, कुणाचेही मिंधेपण न पत्करणारा बिरजू म्हणजे राजपुत्र अझीमचा थेट उलटा माणूस. ज्या मुंबईने 'द ड्रम' बंद पाडला, तिथेच साबूला तो साकारता आला असता. बोलण्याची अडचण आली असती, कदाचित अभिनयही तोकडा पडला असता. पण परीक्षा तरी झाली असती.

१९६० मध्ये त्याच्या भावाचा फर्निचरच्या दुकानावरील दरोड्यात खून झाला. २ डिसेंबर १९६३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने साबू गेला, वय एकोणचाळीस. त्याचा शेवटचा चित्रपट, डिस्नेचा 'अ टायगर वॉक्स', पुढच्या वर्षी लागला. त्यात तो राम सिंग आहे, वाघांची नस जाणणारा हिंदुस्थानी.