लोणारचे विवर आणि दप्तरातले मीठ

चंद्र पृथ्वीला आपली एकच बाजू दाखवितो. त्याची पाठमोरी बाजू माणसाने प्रथम पाहिली ती १९५९ च्या ऑक्टोबरात, रशियाच्या लूना-३ यानाने पाठविलेल्या छायाचित्रांतून. पुढे तेथील विवरांचे नामकरण झाले. भाभा, बोस, मित्र ही आपल्या शास्त्रज्ञांची नावे त्या बाजूस आहेत. लहान विवरांना मात्र थोरांची नावे देत नाहीत; निरनिराळ्या देशांतील साधी स्त्री-पुरुषांची नावे देतात. किंग नामक मोठ्या विवराच्या परिसरातील सुमारे दोन किलोमीटर व्यासाच्या अशाच एका खळग्यास 'सीता' हे नाव मिळाले. मयूर विहारातून काय किंवा मुंबईतून काय, ही सीता आम्हांस कधी दिसावयाची नाही. परंतु जवळजवळ तिच्याच मापाचे विवर आमच्या वऱ्हाडात आहे, आणि तेथेही एक सीतान्हाणी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ते हेच.

या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून तळ सुमारे दीडशे मीटर खोल आहे. तळाशी खारे सरोवर आहे. लवणासुर येथे भूमीखाली दडून बसला होता, विष्णूने त्याच्या बिळाचे झाकण उडवून त्याचा वध केला, अशी कथा गावात सांगतात. दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याचीच साक्ष म्हणून उभे आहे.

कथेने खड्ड्याचे कारण शोधले. दप्तराने त्याचे उत्पन्न शोधले. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण या स्थळास विष्णुगया म्हणतात हे तो सांगतो. पण त्याचे विशेष लक्ष आहे ते काचेस व साबणास लागणाऱ्या येथील क्षारांकडे आणि त्यांपासून मिळणाऱ्या महसुलाकडे. इंग्रजी अमलातही हाच क्रम राहिला. दल्ला, खुप्पल, पापडी असे क्षारांचे प्रकार कागदावर चढले. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तरी एवढा वाटोळा खड्डा येथे आलाच कसा, या प्रश्नास दप्तरात रकाना नव्हता.

भूगर्भशास्त्रज्ञांनी तो प्रश्न घेतला तेव्हा उत्तर सोपे वाटले. दख्खनचे पठार लाव्हारसाचे. तेव्हा त्यातील खड्डा म्हणजे ज्वालामुखीचे मुख. या तर्कातील गंमत अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट याच्या उदाहरणात दिसते. चंद्रावरील विवरे आघाताने झाली असे त्याने १८९३ साली मोठ्या आग्रहाने प्रतिपादिले. परंतु स्वतःच्याच देशातील ॲरिझोनाचे विवर त्याने वाफेच्या स्फोटाचे ठरविले, आणि १८९६ साली लोणारलाही त्याच पंगतीत बसविले. दूरच्या चंद्राविषयी जे मानावयास तो सिद्ध होता, ते पायाखालच्या भूमीविषयी मानवेना!

ॲरिझोनाचा निकाल १९६० च्या सुमारास लागला. प्रचंड दाबाशिवाय न घडणारे एक खनिज तेथे सापडले. लोणारसंबंधीही शंका उठू लागली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांनी तळात छिद्रे घेऊन खडक वर काढले. त्यांतील स्फटिक न वितळताच आघाताने काचेसारखे झालेले आढळले. ज्वालामुखीत असा दाब उत्पन्न होत नाही. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लोणार हे अशनीच्या आघाताने झालेले विवर होय. चंद्रावरील काळी मैदानेही बेसाल्टचीच; पृथ्वीवर बेसाल्टमधील असे सुस्थितीतील विवर अत्यंत दुर्मिळ. म्हणून चंद्राच्या अभ्यासकांस लोणारचे महत्त्व वाटू लागले. वयाचा वाद मात्र राहिला. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षांचे येते, तर २०११ मधील मापनाने सुमारे पाच लाख सत्तर हजार.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, वस्ती नाही; तेथील सीता युगानुयुगे तशीच राहील. लोणारचे तसे नाही. या सरोवराला बाहेर वाट नाही. आत आलेले पाणी आटते, क्षार मागे राहतात, आणि त्या खारेपणावरच तेथील सूक्ष्म जीवांचे जग चालते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेही पाणी घटून क्षार वाढल्याने बळावलेल्या अशाच जीवांमुळे. काठच्या गावाचे सांडपाणी आत उतरू लागले, तर जे अशनीने घडविले ते गटाराने बिघडेल.

२००० साली हे अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर यादीत आले. वन्यजीव एका खात्याकडे, मंदिरे दुसऱ्याकडे, सांडपाणी नगरपरिषदेकडे. आम्ही कागदांवर जगणारी माणसे; जी गोष्ट कोणत्याच एका रकान्यात पुरती मावत नाही, ती सर्वांच्या टेबलांवरून फिरते आणि कोणाचीच होत नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक? अकबराच्या दप्तराने मीठ पाहिले, विवर पाहिले नाही. त्या काळी तशी दृष्टी नव्हती, एवढे म्हणून त्यास क्षमा करता येईल. आम्हांस विवर दिसते आहे; आता आमच्याकडे ती सबब उरलेली नाही.