नियोजित जोखीम

नियोजित जोखीम म्हणजे संभाव्य नफ्याबरोबरच संभाव्य तोट्याचाही आधी हिशेब करून आणि तो सोसण्याची तजवीज ठेवून व्यवसायात घेतलेला धाडसी निर्णय होय. नवे उत्पादन बाजारात आणणे, अपरिचित तंत्रज्ञान स्वीकारणे, कर्ज काढून क्षमता वाढवणे किंवा नव्या प्रदेशात कारखाना उभारणे ही अशा जोखमीची नेहमीची रूपे आहेत. नियोजनामुळे जोखीम नाहीशी होत नाही. ती किती घ्यायची, कोणत्या टप्प्यावर थांबायचे आणि तोटा झाल्यास तो कोणी सोसायचा, हे नियोजनाने आधी ठरते. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आणि जालना येथील संकरित बियाण्यांचा उद्योग ही या संकल्पनेची ठळक उदाहरणे मानता येतात.

संकल्पना

अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिस्क, अनसर्टेन्टी अँड प्रॉफिट' या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या घटनेची शक्यता मागील अनुभवावरून मोजता येते ती जोखीम, आणि जिची शक्यता मोजण्यासाठी आधारच उपलब्ध नसतो ती अनिश्चितता. आग, अपघात यांसारख्या मोजता येणाऱ्या जोखमींचा विमा उतरवता येतो. अनिश्चिततेचा विमा उतरवता येत नाही. ती उद्योजकालाच पेलावी लागते, आणि नफा हा ती पेलल्याचा मोबदला असतो, असे नाइट यांचे प्रतिपादन होते.

उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी २००१ साली मांडलेल्या विचारात 'परवडणारे नुकसान' ही कल्पना महत्त्वाची आहे. अनुभवी उद्योजक नव्या कामातून किती मिळेल या अंदाजावर विसंबत नाही, तर ते फसल्यास आपण किती गमावू शकतो, या प्रश्नापासून सुरुवात करतो, असे हा विचार सांगतो. जुगार आणि नियोजित जोखीम यांतील मुख्य फरकही येथेच आहे. जुगारात लक्ष जिंकण्याच्या रकमेवर असते, तर नियोजित जोखमीत हरण्याच्या मर्यादेवर असते.

प्रमुख घटक

नियोजित जोखमीत सामान्यतः पुढील घटक आढळतात.

* टप्प्याटप्प्याने विस्तार: संपूर्ण भांडवल एकदम न गुंतवता लहान प्रमाणावर चाचणी घेणे आणि तिच्या निष्कर्षावर पुढचा टप्पा ठरवणे.
* तोट्याची मर्यादा: किती रक्कम गेल्यावर काम थांबवायचे हे आरंभीच निश्चित करणे.
* राखीव निधी: वाईट वर्षात देणी भागवण्यासाठी रोख रक्कम वेगळी ठेवणे.
* परतीचा मार्ग: योजना फसल्यास यंत्रे, जागा किंवा कौशल्य दुसऱ्या कामी लावता येईल अशी निवड करणे.
* जोखमीची वाटणी: विमा, भागीदारी, आगाऊ करार किंवा भागभांडवल यांच्या साहाय्याने तोट्याचा भार विभागणे.

कायद्यानेही अशा वाटणीची सोय केली आहे. मर्यादित कंपनीत भागधारकाचे नुकसान त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरते मर्यादित राहते. मर्यादित दायित्व भागीदारी कायदा, २००८ मुळे भागीदारी संस्थांनाही हे संरक्षण मिळू शकते. तथापि, लहान व्यावसायिकाने कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली किंवा घर व शेत तारण ठेवले, तर हे संरक्षण त्या कर्जापुरते व्यवहारात उरत नाही.

हिशेबाचे उदाहरण

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे बालाघाटच्या डोंगररांगांतील तालुक्याचे ठिकाण आहे. तूर, सोयाबीन व कापूस ही परिसरातील महत्त्वाची पिके असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाला दुष्काळ हा अपवाद न मानता हिशेबातील एक बाब मानावा लागतो. २०१४ व २०१५ ही मराठवाड्यात सलग दुष्काळी वर्षे ठरली. लातूर, अंबाजोगाई, केज आदी शहरांना पाणी पुरवणारा मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले.

अशा परिसरातील एका डाळ मिलचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल. यातील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.

मिलचा वार्षिक स्थिर खर्च ९ लाख रुपये आहे आणि प्रत्येक क्विंटल तुरीमागे ३०० रुपये सुटतात. म्हणजे ३,००० क्विंटल ही मिलची ना नफा ना तोटा पातळी झाली. चांगल्या वर्षी ५,००० क्विंटल माल आल्यास ६ लाख रुपये नफा होतो. दुष्काळी वर्षी २,००० क्विंटलच माल आल्यास ३ लाख रुपये तोटा होतो. मालकाकडे ८ लाख रुपये राखीव आहेत. सलग दोन दुष्काळांत ६ लाख गेले तरी मिल टिकते.

मालकाने कर्ज काढून दुसरे यंत्र बसवले, तर हप्ते व व्याज धरून स्थिर खर्च १५ लाखांवर जातो. चांगल्या वर्षी ८,००० क्विंटल माल भरडून ९ लाख रुपये नफा मिळतो. मात्र २,००० क्विंटलच्या वर्षी तोटा ९ लाखांचा होतो आणि राखीव निधी पहिल्याच दुष्काळात अपुरा पडतो.

तिसरा मार्ग म्हणजे वाढीव ३,००० क्विंटल माल दुसऱ्या मिलमधून क्विंटलला २२० रुपये भाडे देऊन भरडून घेणे. यात चांगल्या वर्षीचा एकूण नफा ८ लाख ४० हजार रुपये होतो आणि दुष्काळी वर्षीचा तोटा ३ लाखांवरच राहतो. दुसऱ्या मार्गापेक्षा ६० हजार रुपये कमी मिळतात, परंतु दुष्काळात व्यवसाय बंद पडण्याची वेळ येत नाही. विस्तार दोन्ही मार्गांत सारखाच होतो. फरक पडतो तो वाईट वर्षी येणाऱ्या तोट्यात.

किर्लोस्करवाडी

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडल्यानंतर त्यांनी बेळगाव येथे बंधूंसह सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. त्याच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार करण्यास सुरुवात झाली. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरत असत आणि लोखंडामुळे जमीन नासते असा समज प्रचलित होता. त्यामुळे आरंभी नांगरांना गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. या काळात इतर कामांतून येणारे उत्पन्न हा या प्रयोगाचा आधार होता.

बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ओसाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. माळरानावर कारखाना आणि वसाहत एकत्र उभारण्याचा हा निर्णय धाडसी होता, पण तो अंदाधुंद नव्हता. उत्पादनाची रचना व दोष तोवर अनुभवाने कळले होते, ओतकामाचे कौशल्य हाताशी होते, आणि माल पाठवण्यासाठी रेल्वे जवळ होती.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. पुढे कारखान्याने पंप, इंजिने आणि इतर यंत्रे यांच्या निर्मितीत प्रवेश केला. प्रत्येक नवे उत्पादन ओतकाम व यंत्रकाम या आधीच्या कौशल्यांवर आणि शेतकरी या ओळखीच्या ग्राहकावर आधारलेले होते. एका वेळी एकच गोष्ट नवी असावी, हे या विस्ताराचे वैशिष्ट्य दिसते.

जालना येथील बियाणे उद्योग

हिंगोली येथे १९३० साली जन्मलेले बद्रीनारायण बारवाले (मृत्यू २०१७) यांनी १९६४ साली जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी अर्थात महिको स्थापन केली. त्याआधी त्यांनी भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करून विकण्याचा अनुभव घेतला होता.

त्या काळी बहुतेक शेतकरी मागील हंगामातील धान्यातूनच बियाणे राखत. विकतचे बियाणे दरवर्षी घेण्याची सवय नव्हती. दुसरीकडे, १९६३ साली राष्ट्रीय बीज निगमची स्थापना झाली होती, १९६४ साली ज्वारीचा 'सीएसएच-१' आणि १९६५ साली बाजरीचा 'एचबी-१' हे संकरित वाण प्रसारित झाले, आणि १९६६ साली बियाणे कायदा संमत झाला. सरकारी संशोधनातून वाण उपलब्ध होत असल्यामुळे खासगी कंपनीला मूळ संशोधनाचा संपूर्ण खर्च आरंभीच उचलावा लागला नाही. तिची जोखीम मुख्यतः उत्पादन, गुणवत्ता आणि विक्री यांत होती.

ही जोखीमही लहान नव्हती. संकरित बियाणे विक्रीच्या आधीच्या हंगामात तयार करावे लागते. म्हणजे मागणीचा अंदाज अनेक महिने आधी बांधावा लागतो. न विकलेल्या बियाण्याची उगवणशक्ती कालांतराने घटते. नर व मादी वाणांची शुद्धता राखण्यासाठी विलगीकरण अंतर पाळावे लागते. कापसासारख्या पिकात आदल्या सायंकाळी फुलातील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करावे लागते. एका हंगामातील भेसळीने कंपनीचे नाव खराब होऊ शकते.

या अडचणींवर कराराने बियाणे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे जाळे हा मार्ग अवलंबला गेला. कंपनी मूळ बियाणे व तांत्रिक मार्गदर्शन पुरवते आणि मान्य गुणवत्तेचा माल ठरलेल्या दराने विकत घेते. त्यामुळे कंपनीला स्वतःच्या मालकीची मोठी जमीन घ्यावी लागत नाही आणि शेतकऱ्याला विक्रीची हमी मिळते. जालना पुढे देशातील बियाणे उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र झाले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण सन्मान मिळाला.

बीटी कापूस आणि जोखमीचे हस्तांतर

१९९८ साली अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि दोघांनी संयुक्त कंपनी स्थापन केली. प्रक्षेत्र चाचण्यांनंतर २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना व्यापारी लागवडीची परवानगी दिली. कंपनीच्या दृष्टीने हीही नियोजित जोखीम होती. तंत्रज्ञानाचा खर्च भागीदारीत विभागला गेला होता आणि लागवड परवानगीनंतरच सुरू होणार होती. परंतु परवानगीचा निर्णय कंपनीच्या हाती नसतो, हे पुढे बीटी वांग्याच्या बाबतीत स्पष्ट झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये समितीने अनुकूल मत दिल्यानंतरही फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याच्या लागवडीला स्थगिती दिली.

बीटी कापसामुळे आरंभीच्या वर्षांत बोंडअळीविरुद्धच्या फवारण्या कमी झाल्या आणि लागवड वेगाने पसरली. अळीमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होऊ नये म्हणून क्षेत्राच्या २० टक्के भागात किंवा शेताभोवती पाच ओळींत बिगर-बीटी कापूस लावण्याची अट घालण्यात आली होती. ही 'आश्रय पट्ट्या'ची अट अनेक ठिकाणी पाळली गेली नाही. छोट्या शेतकऱ्याला त्या ओळींतील संभाव्य नुकसान स्वतः सोसावे लागणार होते, तर तिचा लाभ सर्वांमध्ये विभागला जाणार होता. गुलाबी बोंडअळीने प्रथम एका जनुकाच्या आणि नंतर दोन जनुकांच्या बीटी कापसालाही प्रतिकार विकसित केला. २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कापसाचे या अळीमुळे मोठे नुकसान झाले.

नियोजित जोखमीच्या अभ्यासात या घटनाक्रमाला महत्त्व आहे. कंपनीच्या पातळीवर आखलेल्या योजनेत जोखमीचा एक भाग कोरडवाहू शेतकऱ्याकडे सरकला. बियाणे, खत व फवारणी यांवर त्याचा खर्च आधी होतो. त्याच्याकडे अनेकदा राखीव निधी नसतो आणि हंगामाच्या मध्यावर मागे फिरण्याचा मार्गही नसतो. वरील घटकांपैकी तोट्याची मर्यादा, राखीव निधी व परतीचा मार्ग हे तिन्ही त्याच्या बाबतीत अनुपस्थित असतात. त्यामुळे एका पक्षासाठी नियोजित असलेली जोखीम दुसऱ्या पक्षासाठी अनियोजित ठरू शकते.

मर्यादा व टीका

यशस्वी उद्योजकांच्या उदाहरणांवरून काढलेले निष्कर्ष एकांगी असू शकतात. तितकेच नियोजन करूनही बंद पडलेल्या उद्योगांची नोंद सहसा राहत नाही. किर्लोस्करांना संस्थानिकाचा आश्रय मिळाला आणि बारवाले यांना सरकारी संशोधनाचा आधार मिळाला. असे साहाय्य प्रत्येकाला उपलब्ध नसते. शिवाय, मागील अनुभवावर बेतलेले हिशेब पर्जन्यमान, सरकारी धोरण किंवा किडीचे स्वरूप बदलल्यास अपुरे ठरतात. म्हणून एखाद्या जोखमीचे मूल्यमापन करताना ती घेणाऱ्याने किती नफा मिळवला एवढेच पाहणे पुरेसे नसते. ती फसल्यास तोटा कोणाच्या वाट्याला येईल आणि त्याला त्याची पूर्वकल्पना व संमती होती का, हेही पाहावे लागते.

हे सुद्धा पहा

* उद्योजकता
* किर्लोस्करवाडी
* जालना
* बीटी कापूस
* मर्यादित दायित्व
* पीक विमा