वीज आणि नाव

काटेवाडीला समुद्र नाही, बंदर नाही. येथे वीज पडली म्हणजे झाडाखाली उभा राहिलेला मेंढपाळ आठवतो, नावाडी नव्हे. परंतु पूर्वेला इंदापूरच्या अंगाला उजनीचे पाणी आहे. वळवाच्या दिवसांत त्या पाण्यावर होडीतला माणूसच सर्वांत उंच असतो. म्हणून जहाजांवरील विजेचा इतिहास आम्ही आज येथे सांगत आहोत.

शिडाच्या जहाजाची डोलकाठी लाकडाची. तीतून वीज उतरली की लाकडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि काठी फुटते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानी 'त्रिंकोमाली' बांधली, त्या काळच्या सर्वच लढाऊ जहाजांना हे भय होते. १७९८ साली बांका सामुद्रधुनीत 'रेझिस्टन्स' या ब्रिटिश जहाजाचा दारूखाना उडाला. त्याचे कारण वीज मानतात. तीनशेंवर माणसांपैकी चौघे काठाला लागले.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. तांब्याची साखळी पेटीत असे. वादळ आले की ती डोलकाठीवर चढवायची. चढवणार कोण? खलाशी, तोही भर वादळात! पुष्कळदा साखळी पेटीतच राही. १८२० साली प्लिमथचे डॉक्टर विल्यम स्नो हॅरिस यांनी सुचविले, की तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवाव्या आणि तळातून समुद्राला जोडाव्या. तांबे विजेला आमंत्रण देईल, अशी शंका निघाली. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल'वर त्या पट्ट्या होत्या. वीज पडूनही जहाजाला इजा झाली नाही. तरी साऱ्या आरमाराला त्या लागू व्हायला १८४२ साल उजाडले. मधली बावीस वर्षे धोका खलाशांनी सोसला, शंका घेणाऱ्यांनी नव्हे.

उजनीच्या होडीला ना डोलकाठी, ना पट्टी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उलटून सहा माणसे गेली. ती वाऱ्याने गेली, विजेने नव्हे. पण वीज आणि वारा एकाच ढगातून येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देते. वीज चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरांच्या आत आहे. पण काठ तर गडगडाटाआधीच, ढग दाटताच गाठायचा असतो.

मात्र जाळे टाकून परतणे म्हणजे दिवसाची कमाई बुडवणे. ती भरून देण्याची व्यवस्था नसेल, तर आपली सूचनाही पेटीतल्या साखळीसारखीच राहील.