वस्तादाचा पगार

खेळाचा इतिहास आपण नेहमी खेळाडूंच्या नावांनी सांगतो. कोणी किती धावा केल्या, कोणी कोणाला चीतपट केलं. आज मला त्याच इतिहासातली एक मागे पडलेली गोष्ट सांगायची आहे. त्या खेळाडूला शिकवणाऱ्याचा पगार कोण देत होतं? आणि ज्याने चांगले खेळाडू घडवले, तो माणूस त्या शाळेत, त्या कॉलेजात टिकला कसा, किंवा का टिकला नाही? मी पालघरकडचा. मैदानात कधी नाव कमावलं नाही, कवितेत रमलो. पण बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात राहून या प्रश्नाकडे काणाडोळा करता येत नाही.

आधी एक शब्द. कुस्ती शिकवणाऱ्याला आपण वस्ताद म्हणतो. हा मूळचा उस्ताद. गझल लिहिणाऱ्याला उस्ताद असतो, सारंगी वाजवणाऱ्याला असतो आणि कोल्हापुरात लाल मातीत उतरणाऱ्या पोरालाही असतो. तालीम हा शब्दही त्याच घरचा. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत येता येता त्याची इमारत झाली, तिला दार आलं, हौदा आला. शब्दांचा हा प्रवास मला फार आवडतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तर कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्याची खूण म्हणजे १९१२ सालचं खासबाग मैदान. पण महाराजांचं मोठं काम मैदानापेक्षा वेगळं होतं. त्यांनी पैलवानांच्या खुराकाची सोय केली, तालमी उभ्या केल्या, उत्तरेकडचे नामवंत मल्ल कोल्हापुरात आणले. दरबार पाठीशी होता म्हणून शिकवणाऱ्याला पोटासाठी गाव सोडावं लागत नव्हतं. पुढे तीस-चाळीस वर्षं कोल्हापूरने जे मल्ल दिले, ते या व्यवस्थेतून आले.

ही व्यवस्था संपली तेव्हा काय झालं, हे एकाच माणसाच्या दोन प्रवासांवरून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं आणि गादीवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसताना खाशाबा सहावे आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा माणूस तोच होता, आता अनुभवीही झाला होता, पण पाठीशी दरबार नव्हता. गावाने वर्गणी काढली. सरकारकडून मिळालेली मदत तुटपुंजी होती. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य म्हणून ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्या खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावं लागलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि ते घर सोडवलं.

ही कथा आपण गुरुप्रेमाची म्हणून सांगतो, डोळे पुसतो. मला ती वाचताना राग येतो. चार वर्षांत संस्थानची तिजोरी गेली आणि तिच्या जागी एका मास्तरचं घर आलं. मधली जागा कोणी भरलीच नाही.

मुंबईत ही जागा निराळ्या पद्धतीने भरली गेली. तिथे कचेऱ्या होत्या. टाटा, मफतलाल, निरलॉन, एसीसी, बँका. टाइम्स शील्ड जिंकायची म्हणून या मंडळींनी क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत होते. म्हणजे पोटाची काळजी बँकेने घेतली आणि त्यांचा वेळ शिवाजी पार्कच्या मैदानाला मिळाला. त्याचा फायदा शारदाश्रम शाळेला झाला. सचिन तेंडुलकरला त्यांनी आधीची शाळा सोडून तिथे यायला सांगितलं, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली. आचरेकर सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पण बँकेतल्या नोकरीचा उल्लेख आपल्या लेखांतून एका ओळीपलीकडे येत नाही.

आता आमच्याकडे येतो. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला, मग एमआयडीसी आली आणि बोईसर हे देशभरातल्या माणसांचं गाव बनलं. मुंबईच्या कचेऱ्यांनी जे केलं, ते आमच्या कारखान्यांना जमलं असतं का? थोडं जमलंही, पण अपघाताने. १९९० च्या आसपास मी कॉलेजात होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्या कबड्डी संघाला शिकवायला एक गृहस्थ यायचे. ते एका कारखान्यात फर्स्ट शिफ्टला होते. तीन वाजता सुटायचे आणि डब्याची पिशवी हातात घेऊनच मैदानावर यायचे. दोन वर्षांत आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पुढच्या फेऱ्यांपर्यंत जाऊ लागला. त्यांना कॉलेजकडून काय मिळायचं? चहा. बसभाडं द्यावं म्हणून मुलांनी अर्ज केला तेव्हा उत्तर मिळालं की बजेटमध्ये तसं हेडच नाही. जर्सीसाठी हेड होतं, चुन्याच्या फक्कीसाठी होतं, बक्षीस समारंभासाठीही होतं. तिसऱ्या वर्षी कंपनीने त्यांना गुजरातच्या युनिटला पाठवलं आणि संघ पहिल्याच फेरीत घरी आला. कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, हेच मला जास्त लागलं.

यात लबाडी नव्हती, रचनाच तशी होती आणि बरीचशी अजून आहे. अनुदानित कॉलेजात शिक्षकांचा पगार सरकार देतं. खेळासाठी शारीरिक शिक्षण संचालकाचं पद असतं. त्या एका माणसाने कबड्डीही बघायची, ॲथलेटिक्सही, प्रवेश अर्जांवर सह्याही करायच्या. एखाद्या खेळात खोलवर शिकवणारा प्रशिक्षक ही निराळी गोष्ट आहे आणि तिला पद नाही. विद्यार्थ्यांच्या जिमखाना फीमधून प्रवेशशुल्क, साहित्य आणि प्रवास निघतो. ज्या तालुक्यात फी भरतानाच घरी भांडण होतं, तिथे ती फी वाढवा म्हणणार तरी कोण?

पालघरच्या माहीमचा शार्दुल ठाकूर याच पट्ट्यातून गेला. २००६ साली तारापूर विद्यामंदिरकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध ७८ धावा केल्या आणि पाच बळी घेतले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते दिनेश लाड. त्यांनी मुलाला आपल्या शाळेत मागितलं. पालघर ते चर्चगेट रेल्वेने ९१ किलोमीटर आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली. त्याआधी शटल किंवा पॅसेंजर, नाहीतर विरारला गाडी बदलायची. या प्रवासात मूल थकून जाईल हे ओळखून लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्याच वर्षी शार्दुलने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी, हे तर सगळ्यांनी पाहिलंच.

पण माझी नजर त्या शाळेवर जाते. १९९९ साली याच लाड यांनी रोहित शर्माला तिथे आणलं होतं. महिन्याची फी होती २७५ रुपये आणि ती रोहितच्या काकांना परवडणारी नव्हती. लाड यांनी शाळेचे संचालक योगेश पटेल यांच्याकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. सात वर्षांनी शार्दुलच्या वेळीही तेच प्रशिक्षक त्याच शाळेत होते. खाजगी शाळा, सरकारी अनुदान नाही, राजाश्रय नाही. तिने दोनच गोष्टी केल्या. मुलाची फी सोडली आणि प्रशिक्षकाला जाऊ दिलं नाही. २०२२ साली लाड यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

तारापूर विद्यामंदिरला मी दोष देत नाही. त्यांच्या मैदानावर तो मुलगा तिथवर पोचला होता, हेही थोडं नाही. खंत ही की पुढच्या टप्प्यासाठी त्याला घर सोडावं लागलं, आणि ज्याला कोणी लाड भेटले नाहीत तो कुठे गेला, याची कुठे नोंद नाही.

पैशाने सगळं सुटतं असंही नाही. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड हे गडगंज खाजगी विद्यापीठ. महिला बास्केटबॉलच्या तारा व्हॅनडर्व्हीर तिथे १९८५ साली आल्या आणि २०२४ पर्यंत, मधला एक मोसम सोडला तर, तिथेच राहिल्या. पण त्याच विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं ठरवलं. माजी विद्यार्थी उठले, पैसे जमवू म्हणाले, कोर्टात गेले आणि मे २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. तिथल्या माजी विद्यार्थ्यांना आपला कुस्तीचा संघ आपला वाटतो. आमच्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात, पुलाव खातात आणि ग्रुप फोटो काढून जातात. मीही त्यात असतो.

आपल्याकडेही चित्र बदलतंय. खेळात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी दिली जाते. अनेक वर्षं ती पंजाबातल्या सरकारी विद्यापीठांत फिरत राहिली. २०२४ ची ट्रॉफी चंडीगड विद्यापीठाला मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावर लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ होतं. दोन्ही खाजगी. खेळाडूची फी माफ करणं त्यांना परवडतं, कारण बाकीच्या हजारो मुलांच्या फीवर ते उभं असतं. जाहिरातही होते. ते त्यांना लखलाभ. पालघरच्या अनुदानित कॉलेजाला तो रस्ता बंद आहे.

आमच्याकडे दुसरा रस्ता आहे. तारापूरच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. या निधीची मागणी करायला जाणारे बहुतेक जण कुंपण, गॅलरी, प्रवेशद्वार मागतात, कारण त्यावर कंपनीच्या नावाची पाटी लावता येते. दहा वर्षांच्या पगारावर पाटी कुठे लावणार? पण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत या खर्चासाठी खेळाची जी बाब दिली आहे, ती मी मुद्दाम काढून वाचली. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांना चालना देण्यासाठी प्रशिक्षण, असं तिथे म्हटलं आहे. मैदान हा शब्द त्या ओळीत नाही.